बद्द वाजणारी सायकल

मंडळी, माझ्या रोड बाइकला नुकतीच दहा वर्षं झाली. काळी, कार्बनची, तैवानमध्ये बनलेली. दहा वर्षांत साधारण एकतीस हजार किलोमीटर झाले तिच्यावर. गंगापूर रोडला कुठल्याही टपरीवर तिला टेकवून चहा प्यायला थांबलो की तीन प्रश्न ठरलेले. "केवढ्याला घेतली?" (ह्याचं खरं उत्तर मी घरीही दिलेलं नाही.) "वजन किती?" (इथे समोरचा लगेच एका हाताने उचलून बघतो आणि "आयला!" म्हणतो.) "गियर किती?" एवढं झालं की मंडळी आपापल्या चहाकडे वळतात.

खरा प्रश्न चौथा आहे आणि तो सहसा कोणी विचारत नाही. अशी सायकल टिकते किती?

मला स्वतःला हा प्रश्न पडायला पाच वर्षं लागली, आणि पडला तो फार वाईट वेळी. ती गोष्ट सांगणारच आहे. पण त्याआधी थोडा इतिहास, कारण उत्तर त्या इतिहासातच आहे असं आता मला वाटतं. वीकेंड आहे, चहा घेऊन बसा.

आजोबांची सायकल

आमच्या घरी आजोबांची एक काळी सायकल होती. उंच दांडीची, रॉड ब्रेकची, मागे भलंमोठं कॅरियर. त्या पिढीत देशात सायकली बनायला नुकत्याच लागल्या होत्या. मद्रासला १९४९ मध्ये टीआय सायकल्स निघाली आणि हर्क्युलिस इथेच बनू लागली, १९५१ मध्ये सोनीपतला अ‍ॅटलस आली, १९५६ मध्ये लुधियानात हीरो. त्यातली अ‍ॅटलस पुढे एके काळी घराघरात पोचली आणि तिचा साहिबाबादचा शेवटचा कारखाना बंद पडला तो ३ जून २०२० ला. म्हणजे नेमका जागतिक सायकल दिनाच्या दिवशी! असे योगायोग कोणी कथेत लिहिले तर आपण "कायच्या काय" म्हणू.

असो. तर आजोबांची सायकल पोलादाची. वजन वीस किलोच्या आसपास. ती सायकल आजोबांनी चालवली, मग वडिलांनी, मग दहावीपर्यंत मी, आधी दांडीखालून पाय घालून आणि मग सीटवरून. वर्षातून एकदा तिचं ओव्हरऑइलिंग व्हायचं. नाक्यावरचा मिस्त्री सगळी सायकल उकलून गोणपाटावर मांडायचा, छर्रे रॉकेलमध्ये टाकायचा, नवं ग्रीस भरायचा, चाकाचा आउट काढायचा. चिमटा वाकला तर दोन पायांत धरून सरळ करायचा. दांडी एकदा जोडापाशी तडकली, तर शेजारच्या वेल्डिंगवाल्याने पितळ वितळवून ती जोडली. तिथे शेवटपर्यंत पिवळसर गाठ दिसायची.

ह्या सायकलीचा सगळा इतिहास तिच्या अंगावर लिहिलेला होता. ही गाठ अमक्या वर्षीची, हा पोचा काकाने बैलगाडीला धडक दिली तेव्हाचा, हा चिमटा जरा डावीकडे जातो कारण मी आणि माझा मित्र डबलसीट खड्ड्यात गेलो होतो. वडिलांना काही सांगावं लागायचं नाही. सायकलच चुगली करायची!

पोलादाचा हा स्वभावच आहे. त्याला फार मार बसला की आधी ते वाकतं. वाकलेलं दिसतं. आणि एका मर्यादेच्या आतला ताण पोलाद लाखो वेळा सोसतं, थकत नाही. म्हणून पोलादी सायकल विकत घेताना लोक नुसती नजर फिरवायचे, एकदा हात सोडून चालवून बघायचे, झालं. माल समोर होता आणि मालाचा इतिहासही समोरच होता.

स्वेटरचा धागा आणि विमान

आता कार्बनकडे येऊ.

१९५८ मध्ये अमेरिकेत ओहायो राज्यात युनियन कार्बाइडच्या प्रयोगशाळेत रॉजर बेकन नावाच्या शास्त्रज्ञाला काम करता करता ग्राफाइटचे अतिशय बारीक केसासारखे तंतू मिळाले. त्यांची ताकद मोजली तर ती पोलादाच्या कितीतरी पट भरली. पण ते तंतू म्हणजे प्रयोगशाळेतली चीज. बाजारात आणता येईल अशी वाट जपानमधून निघाली. १९६० च्या सुमारास ओसाकाच्या सरकारी संशोधन संस्थेत अकिओ शिंदो ह्यांनी पॉलिअ‍ॅक्रिलोनायट्राइल ह्या धाग्यापासून कार्बनचा धागा करून दाखवला. नाव जड आहे, पण वस्तू ओळखीची आहे. आपण थंडीत घालतो ते अ‍ॅक्रिलिकचे स्वेटर साधारण ह्याच जातीच्या धाग्याचे! तो धागा आधी हवेत दोन-तीनशे डिग्रीला भाजायचा, मग ऑक्सिजन नसलेल्या भट्टीत हजार डिग्रीच्या वर न्यायचा. बाकी सगळं उडून जातं, कार्बन उरतो. उरलेला तंतू माणसाच्या केसाच्या दहाव्या हिश्श्याएवढा जाड.

लगेच १९६३-६४ मध्ये इंग्लंडमध्ये फार्नबरोच्या विमान संशोधन केंद्रात विल्यम वॉट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ह्यातला चांगला मजबूत तंतू बनवण्याची पद्धत बसवली. विमानवाल्यांच्या तोंडाला पाणी सुटणारच. वजन पोलादाच्या पाव हिश्श्याहून कमी आणि ताकद जास्त. आणखी काय हवं?

आणि इथे ती कोंबडीची गोष्ट येते.

रोल्स-रॉइस तेव्हा लॉकहीडच्या ट्रायस्टार विमानासाठी आरबी२११ हे इंजिन बनवत होती. पुढच्या पंख्याची पाती कार्बनची करायची ठरली. वजन वाचणार, इंधन वाचणार, सगळे खूश. पण विमानाच्या इंजिनाला एक परीक्षा द्यावी लागते. उडता पक्षी आत शिरला तर काय होईल हे बघण्यासाठी फिरत्या पंख्यावर मेलेली कोंबडी तोफेसारख्या नळीतून मारतात. १९७० मध्ये ही परीक्षा झाली आणि कार्बनच्या पात्यांचे तुकडे झाले. शेवटी पाती टायटॅनियमची करावी लागली, खर्च आणि वेळ दोन्ही हाताबाहेर गेले, आणि फेब्रुवारी १९७१ मध्ये रोल्स-रॉइससारखी कंपनी दिवाळखोरीत निघाली. सरकारला ती ताब्यात घ्यावी लागली. (इतरही कारणं होती, सगळं कोंबडीच्या माथी मारू नका.)

ह्या गोष्टीत कार्बनचा पूर्ण स्वभाव आहे. बांबू घ्या. लांबीच्या दिशेने ओढून तो कोणाच्या बापाला तुटायचा नाही. पण कोयत्याचा एक घाव घाला, उभा चिरतो. कार्बनचे तंतूही तसेच. तंतूच्या दिशेने अफाट ताकद, आडवा फटका बसला की पंचाईत. म्हणून हे तंतू वेगवेगळ्या दिशांनी थरावर थर ठेवून, मध्ये इपॉक्सीचा चिकट रस भरून, भाजून घट्ट करतात. पण थर म्हटले की ते सुटण्याची भीती आलीच. आणि थर सुटतात ते आत. वरून रंग तसाच चकचकीत!

मासे, गोल्फ आणि मग सायकल

१९७१ मध्ये जपानच्या तोरे कंपनीने टी-३०० नावाचा कार्बन धागा व्यापारी प्रमाणावर बनवायला सुरुवात केली. विमानवाले अजून सावध होते, त्यामुळे हा महागडा धागा आधी गेला कुठे? मासे पकडायच्या काठ्या आणि गोल्फच्या दांड्यांत! पैसेवाल्यांचे छंद ह्या जगात बरंच काही पुढे नेतात. (माझी सायकल हाही त्याचाच पुरावा.)

१९७५ च्या सुमारास अमेरिकेत एक्सॉन ह्या तेल कंपनीच्या ग्राफटेक नावाखाली कार्बनच्या नळ्यांची सायकल आली. नळ्या धातूच्या जोडांत चिकटवलेल्या होत्या, आणि दुखणं नेमकं त्या जोडांतच निघायचं. १९८६ मध्ये ग्रेग लेमाँड टूर द फ्रान्स जिंकणारा पहिला अमेरिकन ठरला, तो लुक कंपनीच्या कार्बन सायकलीवर. त्याच वर्षी केस्ट्रेलने जोडच नसलेली, एकसंध साच्यात घडवलेली कार्बन फ्रेम दाखवली. मग १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये ख्रिस बोर्डमन लोटसच्या त्या विचित्र काळ्या सायकलीवर आला आणि चार हजार मीटरच्या अंतिम शर्यतीत त्याने समोरच्याला मागून गाठलं. ह्या शर्यतीत दोघं ट्रॅकच्या विरुद्ध बाजूंनी सुटतात, म्हणजे बघा! त्यानंतर पोलादाचं शर्यतीतलं राज्य संपत गेलं. सायकली इतक्या हलक्या होऊ लागल्या की आंतरराष्ट्रीय संघटनेला २००० साली नियम करावा लागला. शर्यतीची सायकल ६.८ किलोपेक्षा हलकी चालणार नाही.

एक गंमत लक्षात घ्या. हा सगळा इतिहास शर्यतीचा आहे. शर्यतीतल्या खेळाडूची सायकल टीम देते, मेकॅनिक रोज रात्री तपासतो, पडली तर दुसरी गाडीवर तयार असते, वर्ष संपलं की नवी येते. त्या सायकलीला म्हातारपण नाहीच. दहा वर्षं एकाच सायकलीबरोबर संसार करणारा माणूस ह्या वस्तूच्या डिझाइनमध्ये कुणी धरलेलाच नव्हता. तो माणूस म्हणजे आपण. हौशी लोक. नोकरी सांभाळून पहाटे साडेपाचला निघणारे.

नाशिक, २०१५

नाशिकमध्ये ह्या हौशी लोकांची लाट यायला एक निमित्त झालं. जून २०१५ मध्ये इथले दोन डॉक्टर भाऊ, हितेंद्र आणि महेंद्र महाजन (एक भूलतज्ज्ञ, एक दंतवैद्य), अमेरिकेत 'रेस अक्रॉस अमेरिका' पूर्ण करून आले. पश्चिम किनाऱ्यावरच्या ओशनसाइडपासून पूर्वेच्या अ‍ॅनापोलिसपर्यंत सुमारे ४८०० किलोमीटर, दोघांच्या टीमने नऊ दिवसांच्या आत. ही शर्यत पूर्ण करणारे ते पहिले भारतीय. दोन वर्षांनी, २०१७ मध्ये, तेव्हा नाशिकला असलेले लष्करी डॉक्टर लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुलनाथ ह्यांनी तीच शर्यत एकट्याने पूर्ण केली. एकट्याने पूर्ण करणारे तेही पहिले भारतीय, आणि पाठोपाठ त्याच वर्षी नागपूरचे डॉ. अमित समर्थ.

आपल्या गावातला दाताचा डॉक्टर अमेरिका आडवी ओलांडतो म्हटल्यावर आयटीतल्या माणसाच्या पोटाला लाज वाटते हो! डिसेंबर २०१५ मध्ये मी ही सायकल घेतली.

पहिली चार वर्षं लहान लहान धडे मिळाले. ते थोडक्यात सांगतो, घेणाऱ्याच्या उपयोगी पडतील.

एक, टॉर्क रेंच घ्या. कार्बनवरचा बोल्ट बहुतेक ठिकाणी पाच न्यूटन-मीटरच्या आसपास आवळायचा असतो, आकडा तिथेच छापलेला असतो. आपल्याकडे मिस्त्री "टाइट" म्हणजे अंगातला सगळा जोर लावतो. पोलाद ते सोसतं. कार्बनला तिथेच चीर जाते.

दोन, कार्बन आणि अ‍ॅल्युमिनियम ह्यांचं पटत नाही. दोघांमध्ये ओल आणि मीठ आलं की छोटी बॅटरीच तयार होते आणि अ‍ॅल्युमिनियम गंजतं. मीठ कुठून येणार म्हणता? घाम! दोन पावसाळ्यांनंतर माझी अ‍ॅल्युमिनियमची सीटपोस्ट फ्रेममध्ये अशी चिकटली की सोडवायला अख्खा रविवार गेला. तेव्हापासून दर तीन महिन्यांनी बाहेर काढून पुसायची आणि कार्बनसाठीची पेस्ट लावून परत बसवायची.

तीन, पॅडलजवळून कटकट आवाज आला म्हणजे फ्रेम गेली असं नाही. दाबून बसवलेल्या बेअरिंगची ती सवय आहे. साफसफाई केली की जातो, पुढच्या पावसाळ्यात परत येतो. पाहुण्यासारखा.

चार, रिम कार्बनची आणि ब्रेक रिमवर लागणारे असतील तर सप्तशृंगीच्या घाटातून उतरताना सलग ब्रेक दाबून ठेवू नका. रिम तापते आणि तिच्यातला इपॉक्सी मऊ पडू शकतो. मी हे फक्त वाचलं आणि मुकाट अ‍ॅल्युमिनियमची चाकं लावली.

पेगलवाडी फाटा

आता ती गोष्ट.

ऑगस्ट २०१९. त्र्यंबकहून परत येताना पेगलवाडी फाट्याच्या पुढे कुत्रं आडवं आलं. रस्ता ओला. मी एका बाजूला, सायकल घसरत जाऊन मोरीच्या कठड्याच्या दगडावर. माझा कोपर सोलला. सायकल उचलून बघितली तर खालच्या नळीवर नखाएवढा रंग गेलेला. बस्स. चाक फिरत होतं, हँडल सरळ होतं. एका दुकानात दाखवली, त्यांनी चक्कर मारून बघितली आणि म्हणाले, काही नाही, चालवा बिनधास्त. मी त्या नखाएवढ्या जागेवर स्टिकर लावला आणि विसरलो. पुढचे चौदा महिने चालवली.

ऑक्टोबर २०२०. लॉकडाउननंतर सायकलींना एकदम मागणी आली होती, नव्या मिळत नव्हत्या. मी विचार केला, ही विकावी आणि पुढेमागे डिस्क ब्रेकवाली घ्यावी. सिन्नरचा एक कॉलेजातला मुलगा बघायला आला. त्याला ब्रेव्हे करायची होती, आधी दोनशे किलोमीटर, मग जमलं तर सहाशे. दोन वर्षं साठवलेले पैसे होते. पंचेचाळीस हजारात ठरलं. जाताना त्याने विचारलं, "दादा, पडली नाहीये ना कधी?"

मी म्हणालो, "नाही रे, किरकोळ."

खोटं बोललो का? तेव्हा वाटलं नाही. किरकोळच तर होतं. नखाएवढं.

तो रविवारी पैसे घेऊन येणार होता. शनिवारी संध्याकाळी मी पार्किंगमध्ये सायकल पुसत होतो. आमच्या सोसायटीत एक काका आहेत, ओझरला एचएएलमधून रिटायर झालेले. आयुष्यभर विमानांच्या तपासणीचं काम केलेलं. (बाहेरच्यांसाठी: ओझर नाशिकपासून वीस-बावीस किलोमीटर. १९६४ पासून तिथे विमानांचा कारखाना आहे. आधी मिग-२१, पुढे सुखोई-३०, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये तिथे बनलेलं पहिलं तेजस मार्क-१ए उडालं. त्या तेजसच्या सांगाड्यात वजनाने ४५ टक्के भाग कार्बनसारख्या थरांच्या मालाचा असतो. म्हणजे माझ्या सायकलीची थोरली चुलत बहीणच.)

काका थांबले. "कार्बन ना रे ही? विकतोयस म्हणे. पडली होती ना मागे?"

"हो काका, पण काही झालं नाही."

"कोणी बघितलं?"

मी दुकानाचं सांगितलं. ते काही बोलले नाहीत. खिशातून पाच रुपयांचं नाणं काढलं, उकिडवे बसले आणि खालच्या नळीवर हलके टिचक्या मारत निघाले. टिक, टिक, टिक, टिक. स्टिकरपाशी आले. टप.

पुन्हा मागे गेले. टिक, टिक. टप, टप. पुढे टिक.

"तुझी आजी माठ कसा घ्यायची बाजारात?" त्यांनी विचारलं.

मंडळी, माठ वाजवूनच घेतात. चांदीचा रुपयाही पूर्वी दगडावर वाजवून घ्यायचे, म्हणून आपण आजही खऱ्या माणसाला खणखणीत नाणं म्हणतो. आतून तडा गेलेली वस्तू बद्द वाजते. विमानाच्या चिकटवलेल्या पॅनेलचे थर आत सुटलेत का हे बघायची ही रीतसर पद्धत आहे हे मला त्या संध्याकाळी कळलं. पक्कं करायला पुढे अल्ट्रासाउंड असतं. सुरुवात मात्र नाण्याने.

मग त्यांनी तो प्रश्न विचारला. "लॉगबुक कुठाय हिचं?"

सायकलीचं लॉगबुक! मी हसलो. ते हसले नाहीत. म्हणाले, "आमच्याकडे प्रत्येक विमानाचं, प्रत्येक इंजिनाचं असतं. कधी उडालं, किती तास, काय आपटलं, काय बदललं, कोणी सही केली. कागद नसेल तर नवाकोरा दिसणारा पार्टसुद्धा भंगार. कारण तो दिसतो कसा ह्याला अर्थ नसतो."

मी धंद्याने सॉफ्टवेअरवाला. सर्व्हर बंद पडला तर आम्हाला बरं वाटतं, कारण निदान कळतं तरी. भीती वाटते ती चालू राहून चुकीचं उत्तर देणाऱ्या सर्व्हरची. तिथे वाचवतो तो फक्त लॉग. हे मी ऑफिसात नव्या पोरांना शिकवतो. आणि स्वतःच्या सायकलीवर, जिच्यावरून ताशी साठने घाट उतरतो, तिथे एक स्टिकर लावून मोकळा झालो होतो. वर ती एकोणीस वर्षांच्या पोराच्या गळ्यात मारणार होतो.

रात्री त्या मुलाला फोन केला. सगळं सांगितलं, पडण्याचं, स्टिकरचं, नाण्याचं. तो बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "थँक्यू दादा." चिडला असता तर बरं झालं असतं.

वही

फ्रेम दुरुस्तीला पुण्याला पाठवली. कार्बन दुरुस्त होतो, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. खराब भाग घासून काढतात, कडा उतरत्या करतात, नवे थर मूळच्या दिशेने बसवतात, हवा खेचून दाबतात आणि भाजतात. घासल्यावर आतला फोटो त्यांनी पाठवला. वरून नखाएवढं दिसणारं आत तळहाताएवढं पसरलं होतं. मी तो फोटो प्रिंट करून वहीच्या पहिल्या पानावर चिकटवलाय.

हो, वही. दोनशे पानी, साधी. तारीख, किलोमीटर, काय झालं, काय केलं. "१२ जून २०२१. सीटपोस्ट काढून साफ." "२ सप्टेंबर २०२२. पार्किंगमध्ये स्कूटर टेकली, वरची दांडी. नाण्याने तपासलं, आवाज ठीक." दर सहा महिन्यांनी नाण्याने पूर्ण फ्रेम वाजवायची आणि सही करायची. पहिल्या नोंदीखाली काकांनीही सही केली, हौसेने, अगदी कारखान्यात करायचे तशी. बायकोला हा सगळा प्रकार वेडेपणा वाटतो. पण परवा तिनेच विचारलं, "आपल्या गॅस गीझरची पण ठेवायची का रे अशी वही?"

तर आता चौथ्या प्रश्नाचं उत्तर.

कार्बन सायकल टिकते किती? कार्बन स्वतः थकत नाही म्हणा ना. रोजच्या चालवण्याने पोलादापेक्षा किंवा अ‍ॅल्युमिनियमपेक्षा ती लवकर मरते हा गैरसमज आहे. वरचा वार्निशचा थर शाबूत असेल तर आपलं ऊनही तिचं फारसं बिघडवत नाही. ती मरते आघाताने, चुकीच्या आवळण्याने, आणि त्याची नोंद न ठेवल्याने. आजोबांच्या सायकलीने स्वतःचा इतिहास अंगावर वागवला. ही तो पोटात ठेवते, वरून हसते. तेव्हा तो इतिहास मालकाने लिहायचा. लिहिला तर वीस वर्षंही चालेल. नाही लिहिला तर दोन वर्षांची फ्रेमही माझ्या लेखी भंगार, मग ती कितीही चकचकीत दिसो.

म्हणून सेकंडहँड कार्बन घेणाऱ्यांना माझं एकच सांगणं. विकणाऱ्याला "पडली नाही ना?" असं विचारू नका. त्याचं उत्तर कायम "किरकोळ" असतं, आणि तो बिचारा खोटंही बोलत नसतो. "वही आहे का?" असं विचारा. आणि खिशात पाच रुपयांचं नाणं ठेवा.

त्या सिन्नरच्या मुलाचं काय झालं? त्याने एक जुनी पोलादी रोड बाइक घेतली, त्याच पैशांत, वर दोन टायर आणि हेल्मेट आलं. दोनशेची ब्रेव्हे त्याने तिच्यावर पूर्ण केली. मी त्याच राइडला होतो. घोटीच्या अलीकडे चढावर मला ओलांडून गेला. जाताना माझ्या फ्रेमवर टिचकी मारली, कान जवळ आणून ऐकल्यासारखं केलं आणि ओरडला, "ठीक आहे, दादा!"

वहीत ती नोंद आहे. सही त्याच्याकडून घ्यायची राहिली.